शिमग्यापर्यंतचा दम

शनिवार, १८ जानेवारी

आजपासून शिव्या लिहून काढायच्या. गावच्या डॉक्टरनं सांगितलंय, "आजी, थोडे दिवस बोलणं कमी करा. बोलायलाही हवा लागते आणि तुमच्याकडं ती शिल्लक नाही." बोलणं कमी केलं तर तोंडात आलेलं न्यायचं कुठं? म्हणून आकारामाकडनं दूध संस्थेची डायरी मागून घेतली. आकाराम म्हंजे माजा ल्योक. म्हणतो कसा, "आई, तुला लिवाय येतंय?" चौथी झालीय माजी. त्या काळातली चौथी.

तर पयली शिवी. धोंडुबाई, माजी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडं एकटीच ऱ्हाती. तिच्या तव्यावर भाकरी न फुगो.

कारण लिहून ठेवते, म्हंजे पुढं माजाच राग पातळ व्हायचा न्हाय. माजी नात तेजस्वी, आमी तेजू म्हणतो. तिचं लगीन ठरलंतं. शाहूवाडीकडचा पोरगा, पृथ्वीराज. पसंती झाली, साखरपुड्याचा दिवस धरला. आन् परवा सकाळी पोराच्या आईचा फोन. "तुमच्या पोरीला दमा हाय म्हणून कळलं. आमचं गाव डोंगरात. चार म्हैने पाऊस, घरात वल, वरनं भाताच्या मळणीची धूळ. तिला झेपायचं न्हाय." ठेवला फोन.

तेजूला दमा हाय हे घराबाहेर एकट्या धोंडीला ठावं. आन् धोंडीचं माहेर त्याच अंगाला. आता ह्यात आणि इचार कसला करायचा?

काल सांजचं तिच्या दारात गेले. पदर खोचला, हात वर केला. सगळी गल्ली भाईर आलीती. म्हणाले, "धोंडे, तुज्या—" आन् संपलं. पुढचा शब्द तोंडात तयार होता, पर त्याला ढकलायला मागं वाराच न्हाई. छातीवर कुणी जातं ठेवल्यागत झालं. मी आपली तोंड उघडं टाकून हुबी.

आन् धोंडीनं काय करावं? आत गेली, प्लास्टिकची खुर्ची आणली, माज्या मागं ठेवली आन् म्हणाली, "आक्का, बसून द्या शिव्या."

सगळी गल्ली हसली. समोरचा हंबीरराव तर खांबाला धरून हसला.

लगीन मोडलं ते एकवेळ राहू दे. पर खुर्ची?

रविवार, १९ जानेवारी

झोप न्हाय. उशीला टेकून बसले की बरं वाटतं, आडवं झालं की कोंडतं.

पोरगी बघायला पावणं आलेला दिवस आठवतीया. मी काय कमी काळजी घेतली? तेजूचा पंप म्हंजे ते तोंडात फुस्स मारायचं औषध, सकाळीच तांदळाच्या डब्यात खोल पुरलं. पोरीला सांगितलं, आजच्या दिवस त्याला हात लावायचा न्हाय. पंप बघितला की लोकांना वाटतं पोरगी आज मरती का उद्या. तेजू म्हणाली, "आजी, पंप घेतला की मी बरी असते. लपवला की आजारी." असलं उलटं बोलायला कॉलेजात शिकवतात.

पोहे घेऊन आली ती. बोलताना मधी मधी थांबत होती. पोराची आई म्हणाली, "लाजाळू हाय." म्हणलं, देव पावला.

पावणं गेलं आन् पोरगी भिंतीला टेकून खाली बसली. छातीत शिट्टी वाजाय लागली. म्या लगेच वळखलं, दृष्ट. धोंडी आलीती की पोहे खायला, सारखी पोरीकडंच बघत होती. माज्या कानाला लागून म्हणाली पण, "आक्का, पोरीला पंप द्या." म्हंजे सगळ्यात ध्यान! म्या मीठ, मोहरी, मूठभर मिरच्या पोरीवरनं उतरल्या आन् निखाऱ्यावर टाकल्या. एरवी ठसका लागला की दृष्ट न्हाय समजायचं. पर तेजूला ठसका असा बसला की ओठ निळं पडलं. म्हंजे ही दुसऱ्याच जातीची दृष्ट. सून क्रांतीनं डब्यात कोपरापर्यंत हात घालून पंप काढला, त्यातलं तांदूळ झटकून पोरीच्या तोंडाला लावला. आन् धोंडी सगळ्या खिडक्या उघडत सुटली. आपला गुन्हा भाईर जावा म्हणून.

पोरगी बिचारी भोळी. फोनच्या आदल्या दिवशी त्या पृथ्वीराजसंगं रंकाळ्यावर जाऊन आलती. आली ती हसत आली, दोन भाकऱ्या खाल्ल्या, गाढ झोपली. हिकडं हिच्या पाठीमागं धोंडीनं काय पेरलंय, तिला काय ठावं.

आज मी म्हणलं, "धोंडीला सोडत न्हाय." तर म्हणाली, "आजी, धोंडूआजीनं न्हाय सांगितलं."

"मग कुणी सांगितलं?"

उठून आत गेली. कुणाचं वाईट बोलवतच न्हाय तिला. माज्यावर गेली न्हाय.

गुरुवार, २३ जानेवारी

छातीच्या डॉक्टरीणबाईकडं दिवस गेला. मदिहा शिकलगार नाव. वय तेजूपेक्षा थोडं जास्त, आवाज मऊ, पर डोळा चुकवू देत न्हाय. नाकाला चिमटा लावून एका नळीत फुंकाय लावलं. शेजारी एक बाई वरडत हुती, "फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका!" घोडागाडीच्या शर्यतीत वरडत्यात तसं. फुंकून डोळ्यापुढं काजवं चमकलं.

मग डॉक्टरीणबाईनं चित्र काढून सांगितलं. हवा नाकातनं आत जाती. नाक ती गाळतं, ऊन करतं. मग एक मोठी नळी, तिच्या दोन, मग फांद्या फुटत फुटत पार बारीक काड्या. काडीच्या टोकाला फुगं, द्राक्षाच्या घडागत. त्या फुग्यांच्या अंगावरनं रगात फिरतं आन् हवेतलं चांगलं तेवढं उचलून घेतं, वाईट परत करतं. फुप्फुसाला सोताचा जोर नसतोय म्हणं. त्याच्या खाली एक पडदा असतो मांसाचा. तो खाली सरकला की हवा आत, वर आला की भाईर. एवढं वय झालं, मला वाटायचं नाकच वढतंय.

"तेजूच्या नळ्या चिडक्या आहेत," म्हणाली. "धूर, धूळ, थंडी लागली की सुजतात, आवळतात. औषध दिलं की परत मोकळ्या होतात. नीट औषध घेतलं तर ती डोंगरात काय, कुठंही राहील. तुमचं तसं नाही, आजी. तुमच्या फुग्यांच्या भिंतीच मोडल्यात."

मी म्हणलं, "मोहोळातली घरं मोडून एकच मोठं भोक पडावं तसं?"

"तसंच. त्या भिंती परत उभ्या राहणार नाहीत. त्यामुळं हवा आत जाते पण बाहेर पडत नाही. जुनी हवा कोंडून बसलीय. नव्याला जागाच नाही. तुम्हाला वाटतं श्वास आत येत नाही. खरं म्हणजे तुम्ही जुना सोडतच नाही."

हे काय मला पटलं न्हाय. कोंडून ठेवणारी बाई मी न्हवं.

मग इचारलं, चूल किती वर्षं? म्हणलं, लगीन झाल्यापास्नं ग्यास येईपर्यंत. दोघी जावा एका चुलीला. कधी म्या फुंकणी धरायची आन् धोंडीनं जळण सारायचं, कधी उलटं. पावसाळ्यात वलं जळण, घरभर धूर, एकमेकीचं तोंड दिसायचं न्हाय.

"त्या दुसऱ्या आजींना काही त्रास?"

"तिला काय धाड भरलीय?" म्हणलं. "खोकती मधनं मधनं, मला चिडवाय."

डॉक्टरीणबाईनं लिहायचं थांबवून माज्याकडं बघितलं. मग म्हणाली, "त्यांना एकदा घेऊन या."

घेऊन येते. तिरडीवर घालून.

जाताना इचारलं, "तुम्हाला परत काय करता यायला हवंय? कुणाला देवाला चालत जायचं असतं, कुणाला पतवंडं उचलायची असतात. तेवढ्यासाठी आपण व्यायाम करायचा."

मी म्हणलं, "शिमग्याला एकीच्या दारात बोंब मारायचीय."

"किती मोठी?"

"मधी न तुटणारी."

हसली न्हाय. फाइलवर लिहिलं. बाई कामाची हाय.

शुक्रवार, २४ जानेवारी

शिमग्याचं मला डॉक्टरीणबाईकडं जायच्या आदल्या रातीच सुचलंतं. त्या दिवशी कुणीबी कुणाच्या दारात जाऊन बोंब मारावी, नाव घेऊन शिव्या द्याव्या, कुणी राग धरायचा न्हाय अशी रीत. आता पोरं नुसती होळीभोवती बोंबलतात, कुणाच्या दारात जायचं धाडस न्हाय. मी जाणार. आन् त्या वेळी धोंडीनं खुर्ची आणली तर ती तिच्याच डोसक्यात घालणार.

पर डॉक्टरीणबाईनं एक खोडा घातला. मशेरी बंद. परसात तव्यावर तंबाखू भाजते तो धूर मला आन् तेजूला दोघींना विष हाय म्हणं. मी म्हणलं, "दातांसाठी लावते." म्हणाली, "किती दात राहिलेत?"

माज्या तोंडावर मला असलं बोललेलं आवडत न्हाय. पर बोलली चांगलं.

गुरुवार, ३० जानेवारी

मशेरी न्हाय. डोकं दुखतं, हात थरथरतो, क्रांतीचा आवाज ऐकला तरी आग होती. आज मुद्दाम तवा घेऊन परसात गेले. तंबाखू टाकणार तेवढ्यात भिंतीपलीकडनं धोंडीचा खोकला आला. लांबलचक, आत चाळणी फिरवल्यागत. मला बघून खोकती. म्हणलं, मशेरीचा धूर घेतला तर हिच्या दारात बोंब अर्धीच तुटायची. तवा पालथा घातला.

असा राग असावा. औषधापेक्षा गुणकारी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काल घरात हळदीकुंकू. मी विधवा, मला काय त्याचं, पर सोप्यात बसून बायका मोजल्या. धोंडी आली न्हाय. तोंड दाखवायची लाज.

आन् तेजूनं काय केलं? कुणीतरी उदबत्त्यांचा जुडगाच लावला, तशी ही उठली, भरल्या बायकांत पंप काढला, औषध हळू वढायच्या नळकांड्याला लावला, फुस्स केला, शांत श्वास घेतला आन् परत तिळगूळ वाटाय लागली. सगळ्या बघत ऱ्हायल्या. एकजण म्हणाली, "अगं, माज्या स्वप्नालीला बी हेच हाय. आमी लपवतो." दुसरी म्हणाली, "माज्या ल्योकाला बी." दोघीजणी पदर सावरत तेजूला औषधाचं नाव इचारत बसल्या.

मी क्रांतीला आत बोलावलं. "पोरीनं सगळा तमाशा केला. आता कोण करून घेणार हिला?"

क्रांती म्हणाली, "आत्ती, ज्याला करून घ्यायचंय त्याला आधीच म्हाईत असलेलं बरं, असं तेजू म्हणती."

मी म्हणलं, धोंडीनं आगीत तेल वतलं आन् ही पोरगी वर फुंकर मारतीया.

सोमवार, १० फेब्रुवारी

व्यायाम असा. नाकातनं हळू घ्यायचा, ओठ शिट्टीगत करून दुप्पट हळू सोडायचा. पोटावर हात ठेवायचा. हात वर आला म्हंजे पडदा खाली गेला. मी आजवर खांद्यानं श्वास घेत होते म्हणं, मानेच्या शिरा ताणून. ते चुकीचं. शिवाय सकाळ-सांज चालायचं. दम लागला की थांबायचं, फुंकायचं, परत चालायचं.

सोडताना एक युगत काढलीय. मनात म्हणायचं, धोंडी, सासूचा पितळी डबा तूच नेलास. धोंडी, माज्या बाळंतपणात तू माहेरी पळालीस. धोंडी, वाटणीला उखळ तू घेतलंस आन् मुसळ मला दिलं. एका श्वासाला एक. आधी डब्यापर्यंतच पुरायचं. आता उखळ आन् मुसळ एकाच श्वासात बसतंय.

डॉक्टरीणबाईनं इचारलं, एवढी सुधारणा कशानं? म्हणलं, देवाचं नाव घेते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तेजू आन् धोंडी भिंतीपाशी कुजबुजत होत्या. मी गेले तशी गप्प. फक्त एवढं ऐकलं. धोंडी म्हणत होती, "नगं पोरी, सांगू नगंस तिला. माजं काय जातंय? तिला भांडाय मिळालंय तवर ती नीट चालतीया बघ."

काय सांगू नगंस? पुरावा. आता खात्रीच झाली. चोराचा चोर, आन् वर पोरीला फितवती.

तेजूला दरडावलं तर तिच्या डोळ्यात पाणी. "आजी, तू ऐकून तरी घे."

"तिच्याबद्दल एक शब्द न्हाय ऐकायचा," म्हणलं. मोठ्यानं म्हणलं. आन् दम लागला न्हाय! घरातली सगळी बघत ऱ्हायली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

शिवरात्र. म्हादेवाच्या देवळाला चालत गेले. पायऱ्यांवर एकदाच थांबले. पिंडीपुढं हात जोडून म्हणलं, दुसरं काय न्हाय, त्या दिवशी वारा माज्या छातीत राहू दे.

परत येताना धोंडीचं दार लोटलेलं. एवढ्या दुपारी? तिच्या अंगणात झाडून काढलेलं न्हाय. माज्या भीतीनं आत बसलीया. बसू दे.

बुधवार, ५ मार्च

शेतात गेले. उसाच्या बांधावर हुबी राहून बोंब मारून बघितली. उलट्या हातानं तोंड वाजवत, पोटातनं. चांगली निघाली. शेजारच्या रानात आकारामची म्हैस बांधलीती, ती दावं तोडून पळाली. सांजचं दूध दिलं न्हाय तिनं.

आकाराम म्हणाला, "आई, तू नेमकं कशासाठी बरी होतीयास?"

मी म्हणलं, "तुला काय करायचंय? बरी होतीया न्हवं?"

बुधवार, १२ मार्च

उद्या. काय बोलायचं ते मनात धरलंय. आधी बोंब. मग नाव. मग पोरीचं लगीन. मग खुर्ची. मग जुनं सगळं, डब्यापास्नं मुसळापर्यंत. न थांबता. शेवटी थुंकायचं आन् चालत घरी यायचं. धावायचं न्हाय.

तालमीच्या पोरांनी ह्यावर्षी होळी बारकी करायची ठरवलीय, शेणी म्हंजे गवऱ्या स्मशानाला दिल्या. होळी बारकी असू दे. बोंब बारकी न्हाय.

धोंडी आज पण दिसली न्हाय. तिच्या दाराकडं बघितलं तर आतनं नुसता खोकल्याचा आवाज. तो पण आता तुटक. नाटक करती, उद्या दया यावी म्हणून.

शुक्रवार, १४ मार्च

काल झालं ते सगळं लिहिते.

होळी पेटली. शेणी कमी म्हणून पोरांनी वरनं वला पाला टाकला, तसा पांढरा धूर उठला. वारा आमच्या वळीकडं, धोंडीच्या दारावर. मी तोंडाला पदर बांधून चालले. म्हणलं, वारा पण माज्या बाजूनं हाय.

दारासमोर हुबी ऱ्हायले. पदर सोडला. नाकातनं घेतला, पोट भाईर, पडदा खाली. उलटा हात तोंडाला लावला आन् सोडली.

अशी बोंब म्या जन्मात मारली न्हाय. गल्लीच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत. पोरांची बोंब बंद पडली. हंबीरराव खांबाला धरून हुबा होता, हसत न्हवता. मधी तुटली न्हाय. शेवट पण म्याच केला.

मग म्हणलं, "धोंडे! भाईर ये!"

कुणी आलं न्हाय.

"धोंडे, तोंड दाखव!"

न्हाय. दार अर्धं उघडं, आत धूर भरलेला. माजा सगळा साठा तोंडाशी तयार आन् ऐकायला माणूस न्हाय. मी तशीच आत शिरले, म्हणलं, स्वयंपाकघरात जाऊन बोलते.

धोंडी खाटेच्या कडेला बसलीती. पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदं वर चढलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या. ओठ जांभळ्यागत. ती बसण्याची तऱ्हा माजी होती. माजीच होती ती. माज्याकडं बघितलं तिनं आन् बोलायला तोंड उघडलं. आवाज आला न्हाय.

मला एवढा राग आला. दोन म्हैने मी फुंकतीया, मशेरी सोडली, बांधावर म्हशी पळवल्या, आन् ही आजच मरायला बसली?

दार लावलं, खिडकी लावली, उंबऱ्यावर वलं फडकं टाकलं. तेजूला हाक मारली. ती हाक पण बोंबेएवढीच झाली. मग धोंडीपुढं बसले आन् तिच्या दंडाला धरलं.

"माज्याकडं बघ. आत घ्यायची घाई करू नगंस. आधी जुना भाईर सोड. ओठ बारीक कर. फुंक. अगं जोरात न्हाय, चुलीतली राख डोळ्यात जाईल अशी न्हाय. वल्या जळणाला मारतो तशी. हळू. फुंक म्हणते न्हवं! मेलीस तर याद राख!"

फुंकली. एकदा, परत. मी तिच्याबरोबर फुंकत होते. एकमेकीच्या तोंडावर फुंकत दोन म्हाताऱ्या. तेजू पळत आली, पंप नळकांड्याला लावला, धोंडीच्या तोंडावर धरला, दाबला, "हळू घे, धोंडूआजी, धरून ठेव, सोड." परत दाबला. खांदं जरा खाली आलं. आकारामानं तवर गाडी आणली. डॉक्टरीणबाईकडं नेलं, तिथं नाकाला हवेची नळी लावली.

डॉक्टरीणबाई भाईर आली आन् माज्याकडंच बघून म्हणाली, "तुमचाच आजार. तुमच्यापेक्षा जास्त. कधी दाखवलंच नाही त्यांनी." मग म्हणाली, "मी म्हटलं होतं, घेऊन या."

मी म्हणलं, "आणलं की."

सोमवार, १७ मार्च

धोंडीला भेटाय गेले. भेटाय न्हाय, इचाराय. ती उशीला टेकून बसलीती, बोटाला चिमटा. तेजू शेजारी.

सरळ इचारलं, "पोरीचं लगीन तू मोडलंस का न्हाय? शाहूवाडीला तूच सांगितलंस?"

तेजू हुबी ऱ्हायली. "आजी, मीच रंकाळ्यावर—"

"तू गप बस," धोंडी म्हणाली. मग माज्याकडं बघून, "व्हय आक्का." थांबली. श्वास घेतला. "म्याच." परत थांबली. "सांगितलं."

बघा! कबूल केलं. मी पयल्यापास्नं म्हणत होते. तेजूनं तोंडाला वढणी लावली, खांदं हलत होतं. रडत होती का हसत होती कळलं न्हाय. धोंडीनं डोळ्यानंच तिला दाबली. मोठी बिलंदर बाई.

आता सगळं बोलायचं होतं. सगळं तयार होतं. पर समोर कोण? तीन शब्दाला तीन वेळा थांबणारी. म्या डबा काढला तर डब्यावरच तिचा दम जाणार, उखळापर्यंत यायचीच न्हाय. उत्तर द्यायला माणूस नसंल तर ती शिवी न्हाय, ते प्रवचन. प्रवचन करायला मी काय बुवा हाय?

म्हणलं, "आधी बरी हो. मग तुला दावते."

"कधी... आक्का?"

"तू एका दमात मला उलटं बोललीस की त्या दिवशी."

शनिवार, २९ मार्च

उद्या पाडवा. धोंडी घरी येऊन आठवडा झाला. सकाळ-सांज मी जाते. मीच जाणार, दुसऱ्या कुणाचं ती ऐकत न्हाय, ओठ बारीक करा म्हणलं की हसती. मी हसू देत न्हाय. पोटावर तिचा हात ठेवाय लावते, वर माजा ठेवते, खोटं करती का बघाय. चालायला गल्लीच्या टोकापर्यंत नेते. हंबीरराव म्हणाला, "काय आक्का, भांडण मिटलं वाटतं?" म्हणलं, "तुज्या तोंडात माती. मी तिला तयार करतीया."

तिच्या घरात एक बारकी चूल होती, पाणी तापवायची. काल आकारामाकडनं फोडून टाकली. धोंडी वरडली, "माजी चूल!" दोनच शब्द, पर थांबली न्हाय. खूण करून ठेवली मनात.

तेजूचा तो पृथ्वीराज परत फोन करतोय म्हणं. आई न्हाय म्हणाली तरी मी हो म्हणतोय, असं म्हणतो. तेजू म्हणती बघू. मी म्हणलं, त्याला सांग, पंप तांदळात ठेवायचा न्हाय, देवळीत ठेवायचा, हाताला येईल असा. तेजूनं माज्याकडं असं बघितलं की मला कळंना काय चुकीचं बोलले.

आज सांजचं धोंडीच्या अंगणात फेरी मारत होतो. मी मुद्दाम सासूच्या पितळी डब्याचं काढलं. ती थांबली. मला वाटलं दम लागला. न्हाय. नाकातनं घेतला, पोट भाईर आलं, म्या बघितलं. आन् सोडलं.

"आक्का, डबा तुमीच माळ्यावर लपवलासा, सासूबाईच्या पुरणात मीठ टाकून माजं नाव घेतलासा, माज्या पोराच्या बारशाला तोंड फुगवून बसलासा, जन्मभर एक गोड शब्द बोलला न्हाईसा, आन् वर माज्याच दारात येऊन बोंब मारता, तोंडाला काय झाकण हाय का न्हाय तुमच्या!"

एका दमात. मधी कुठं तुटलं न्हाय. शेवटाला तर आवाज चढला.

बारशाचं खोटं हाय. पुरणाचं खरं हाय, पर ते तिला कुणी सांगितलं ते बघितलं पायजे. माजं उत्तर तोंडात तयारच होतं, लई दिवसांचं. तोंड उघडलं, आन् बघितलं तर ती भिंतीला हात लावून हुबी, ओठ बारीक करून फुंकत होती. चेहरा लाल, डोळं मातर हसत होतं.

तिला खाटेवर बसवली, पंप हाताशी ठेवला आन् घरी आले. उत्तर उद्या देणार. आज तिची हवा लई खर्च झालीय.